कोपऱ्यातला ठिपका

कांबळे अण्णांच्या हातून ती चूक झाली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि आजवर मी ते कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही. ज्याच्याबरोबर रोज दोनदा चहा पितो त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही नाही. अण्णांना तर नाहीच. आपलाच हात चुकला असं धरून ते जगले आणि तसेच गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं होईल.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं खेळण्यांचं दुकान होतं. आता त्याच जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात, तीही मीच विकतो. अण्णा दुकानात आले ते स्वतःचं स्टूल घेऊन. लोखंडी, उंच, बसायच्या जागी घासून चकचकीत झालेलं. शहरातल्या एका जुन्या थेटरात त्यांनी एकतीस वर्षं पिक्चरचं मशीन चालवलं होतं. थेटर बंद पडलं तेव्हा मालकानं विचारलं, "काय पायजे तुला?" अण्णा म्हणाले, "स्टूल." ते घेऊन ते पायऱ्या उतरले. मागच्या भिंतीचा निळा ऑइलपेंट उरला होता, त्याचा अर्धा डबाही घेतला. त्या डब्याचं काम पुढे येणार आहे.

माणूस लहानसर, वाळका. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा. आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल इतका. कोल्हापूरचा माणूस तसाही हळू बोलत नाही, त्यात अण्णांचं आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेलेलं. कानात सांगण्यासारखी गोष्टसुद्धा ते सगळ्या दुकानाला सांगत. "शेठ, चेन उघडी हाय तुमची," हे त्यांनी मला चार बायका गिऱ्हाईक असताना सांगितलं होतं.

आधी ते चावीची माकडं आणि सेलवरच्या मोटारी दुरुस्त करत. मग २००८च्या सुमारास ती वीतभर लांबीची हेलिकॉप्टरं आली, घरात उडवायची, रिमोटवरची. पहिलं मीच फोडलं. खोका उघडला, लिव्हर एकदम वर ढकललं. हेलिकॉप्टर सणकन वर गेलं आणि फिरत्या पंख्यात शिरलं. पात्याचा एक तुकडा अण्णांच्या कपाळाला लागला. त्यांनी कपाळ पुसलं, बोटावरचं रक्त बघितलं आणि म्हणाले, "शेठ, तुमी दुकान चालवा. हे मी चालवतो."

त्यानंतर त्या यंत्राला अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियमच झाला. उडवून दाखवायचं असलं की आधी आरोळी व्हायची, "पंखा!" मी धावत जाऊन पंखा बंद करायचो. पाती पूर्ण थांबेपर्यंत अण्णा वर बघत उभे राहायचे. मग गिऱ्हाइकांना भिंतीकडे सरकवायचे. "पोरी, वेणी आत घे. मावशी, पदर खोचा. सगळ्यांनी मागं व्हा, ह्ये काय फुकटचं जेवान न्हाय." मग लिव्हर खाली आहे का ते बघायचं. आधी रिमोट चालू करायचा, मागून हेलिकॉप्टर. उतरल्यावर उलट, आधी हेलिकॉप्टर बंद, मग रिमोट. "रिमोट आधी बंद केला तर त्याला मालक उरत न्हाय. बिनमालकाचं यंत्र आन् बिनमालकाचा बैल सारखाच."

समोरच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर एकदा आले. हवेचा दाब, पात्याचा कोन, दोन पात्यांच्या जोड्या उलटसुलट का फिरतात, हे त्यांनी सगळ्या दुकानाला समजावलं, आणि समजावता समजावता टेबलावर इतके वाकले की नाक पात्यांच्या रेषेत आलं. अण्णांनी लिव्हरवरचं बोट उचललं.

"सर, तुमचं शास्त्र बराबर हाय. तेवढं नाक मागं घ्या."

दुरुस्तीला आलेलं हेलिकॉप्टर ते आधी उलटं धरून बघत. मधल्या दांड्याला केस गुंडाळलेला असायचाच, सतरंजीचा धागा नाहीतर कुणाचा लांब केस. चिमट्यानं तो हळूहळू उलगडत काढायचे आणि विचारायचे, "घरात कोणाचे केस गळत्यात?" पात्याला बारीक चीर असली तर ते एकटं पातं कधी बदलत नसत, जोडीच बदलत. मी म्हटलं, चांगलं असलेलं कशाला टाकता? तर म्हणाले, "एक बैल तरणा, एक म्हातारा, मग औत वाकडं जातं की."

पण अण्णांची खरी करडी नजर बॅटरीवर. बर्फीच्या चपट्या वडीएवढी बॅटरी, तिला दोन तारा, तारांच्या टोकाला पांढरा प्लग. उडवून झाल्यावर ती दहा मिनिटं निवू द्यायची, मगच चार्जिंगला लावायची. गादीवर नाही, कागदावर नाही, कौलावर. कुंभारवाड्यातून ते फुटक्या कौलांचे तुकडे आणायचे आणि प्रत्येक हेलिकॉप्टरबरोबर एक द्यायचे. लोक हसायचे. "अण्णा, एवढं चायनाचं यंत्र आन् बरोबर कौल?" ते म्हणायचे, "शेगडी कशावर ठेवतासा? मग?" आणि शेवटचा नियम थेटरातला होता. मशीन चालू असताना ऑपरेटर खोली सोडत नाही. चार्जिंग चालू आहे तोवर कुणीतरी समोर बसायचं.

फुगलेली बॅटरी दिसली की ती त्यांच्या लेखी मेली. मागच्या बोळात वाळूनं भरलेलं एक मडकं होतं, त्यात ती पुरायची. "ही रागावलीय. हिला आता हात लावायचा न्हाय." जी चांगली, तिच्या पांढऱ्या प्लगवर काडेपेटीच्या काडीनं निळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका. वरच्या उजव्या कोपऱ्यात. कायम तिथंच.

तो ठिपकाही थेटरातूनच आलेला. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. बघणाऱ्या हजार लोकांना तो दिसत नाही. ऑपरेटरनं तो बघायचा आणि पुढच्या रिळाचं दुसरं मशीन चालू करायचं. चुकला तर पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या, शिव्या, चपला. "एकतीस वर्सात एक ठिपका सोडला न्हाय म्या," अण्णा सांगायचे. दुसरी कुठली बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. ना लेक सुजाता शिक्षिका झाली त्याची, ना गल्लीतल्या विहाराच्या बांधकामाला सगळी सुट्टी दिली त्याची. बढाई तेवढी एकच.

बघता बघता गावात त्या ठिपक्याचं नाव झालं. लोक प्लग उलटा करून बघू लागले. "ठिपका हाय न्हवं?"

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्यांनी ते मला सांगितलं, पण बारीक आवाजात. त्यांचा बारीक आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुपारचे ते डॉक्टरकडे गेले होते. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. शिरोळचे चौगुले म्हणून एक शेतकरी आले. लेकीसाठी म्हणत होते, पण हेलिकॉप्टर धरलं होतं त्यांनीच, दोन्ही हातांत, तान्ह्या पोरासारखं. जैन माणूस. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं त्यांना, आणि चारची एसटी गाठायची होती. मी खोका उघडला तर आतल्या बॅटरीची तार तुटलेली. दुसरी बॅटरी शिल्लक नव्हती.

"उद्या या," एवढं म्हणायचं होतं मला. दोन शब्द.

मी बोळात गेलो. मडक्यातली वाळू उकरली. वरचीच बॅटरी काढली. फार फुगलेली नव्हती, पोटाला जरा टम्म, इतकंच. मी तिला शर्टाला पुसून आणली. चौगुल्यांनी प्लग उलटा करून बघितला.

"ठिपका न्हाय की ह्येच्यावर. तुमच्या अण्णांच्या ठिपक्याबिगर मी न्हेत न्हाय बघा."

"चुकून दुसरीच आणली, ठिपक्याची आत आहे," मी म्हणालो. आत जाऊन डबा उघडला, काडी बुडवली आणि त्याच बॅटरीला ठिपका लावला. घाईत तो प्लगच्या बरोबर मध्ये पडला. चौगुले खूश झाले. मी त्यांना कौलसुद्धा दिलं आणि सगळे नियम सांगितले, अगदी अण्णांच्या शब्दांत.

चौथ्या दिवशी, भाऊबीजेला, चौगुले परत आले. एकटे. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावर एक पिशवी ठेवली. आत जळून कोळसा झालेली बॅटरी आणि एका बाजूनं काळवंडलेला प्लग. अण्णा स्टुलावर होते.

"तुमी सांगितलं तसं सगळं केलं," चौगुले म्हणाले. "थंड करून लावली. कौलावर ठेवली. मालकीण पुढ्यात बसलीती, उठू नगं म्हणून तुमीच सांगितलंय म्हणून. फुस्स करून आवाज आला. तिनं तार ओढाय हात घातला, तवर भडकलीच. उजवा हात भाजला तिचा. निम्मा गेला म्हना की." आणि मग म्हणाले, "ठिपका बघून घेतलीती, अण्णा."

अण्णांनी प्लग उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे केला. डावा डोळा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं. त्यांना पांढऱ्यावर काहीतरी निळं दिसत होतं, एवढंच. मग त्यांनी प्लग माझ्यापुढे धरला.

"शेठ, ठिपका कुठं हाय? कोपऱ्यात हाय का?"

चौगुले माझ्याकडे बघत होते. दारात दोन गिऱ्हाइकं होती. मी प्लगकडे बघितलं. ठिपका मध्ये होता.

"कोपऱ्यातच आहे, अण्णा."

त्यांनी मान हलवली. एकदाच. मग स्टुलावरून उतरले आणि चौगुल्यांच्या पाया पडायला वाकले. चौगुल्यांनी त्यांना धरलं, तेव्हा ते म्हणाले, "एकतीस वर्सात न्हाय चुकला वं. आन् आता असा चुकला."

त्यांनी तो प्लग माझ्या हातात दिला. मी ड्रॉवरमध्ये टाकला.

आठवड्यानं ते म्हणाले, शिरोळला जायचं. मीही गेलो. न जाणं संशयास्पद दिसेल असं वाटलं म्हणून गेलो, हेही आता सांगून टाकतो. एसटीत अण्णा मांडीवर केळ्यांची फणी आणि भाजल्यावरच्या मलमाच्या दोन ट्यूबा धरून बसले होते. वाटेत एकदाच बोलले. "मी त्या बाईला पुढ्यात बसाय लावलं रं. दूर बसली असती तर वाचली असती."

चौगुले वहिनींचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत गुंडाळलेला होता. भाकरी थापायला शेजारीण येत होती. अण्णांनी हात जोडले.

"अक्का, मला दिसत न्हवतं, तरी मी काम सोडलं न्हाय. माझ्या गर्वानं तुमचा हात खाल्ला."

"असं काय बोलताय, अण्णा? बसा की," वहिनी म्हणाल्या. "चूक माणसाकडनंच हुती. तुमी निदान आलासा तरी. दुसरा कोण आला असता?" मग डाव्या हातानं एकेक कप उचलून त्यांनी आम्हाला चहा दिला. माझा कप बशीत हिंदकळला. त्या मला म्हणाल्या, "सवय न्हाय ओ अजून डाव्या हाताची." मी तो चहा प्यायलो. सगळा.

त्यानंतर अण्णा दुकानात येत, पण कशाला हात लावत नसत. स्टुलावर बसायचे, हात मांड्यांखाली दाबून. कुणी दुरुस्तीला काही आणलं तर म्हणायचे, "पावणं, दुसरीकडं दाखवा. हितला माणूस बिघडलाय." लोकांना तो विनोद वाटायचा. मधूनच माझ्याकडे वळून विचारायचे, "माझ्या हातनं कसं गेलं रं? त्या दिवशी कुठली बॅटरी तपासली हुती मी? आठीवतच न्हाय मला." आठवणार कुठून? ती त्यांनी तपासून मेली ठरवली होती आणि वाळूत पुरली होती, तिला ठिपका लावलाच नव्हता.

दर वेळी मला ते वाक्य तोंडात यायचं. दर वेळी मी दुसरं बोलायचो. "वय झालं, अण्णा. चालायचंच."

म्हणजे मी नुसता गप्प बसलो नव्हतो. मी त्यांना पटवत होतो.

मग त्यांनी येणं बंद केलं. मी अधूनमधून घरी जायचो. त्यांच्या बायकोनं सांगितलं, गॅसचं बटन दहादा बघतात. बघून झालं की मला उठवतात आणि म्हणतात, तू बघ, माझ्या बघण्याचा भरवसा न्हाय. पौर्णिमेला विहारात वंदनेआधी मेणबत्ती लावायचा मान वर्षानुवर्षं त्यांचा होता. आता काडेपेटी पुढे केली की ते मागे सरकत आणि दुसऱ्याला पुढे ढकलत. नातीनं रिमोटची मोटार पुढ्यात आणून ठेवली तर ते उठून बाहेर गेले. ऑपरेशन करून घ्या म्हणून सगळे मागे लागले होते. "डोळं घिऊन काय बघू?" म्हणायचे. तीन वर्षं त्यांनी तो मोतीबिंदू एखाद्या शिक्षेसारखा भोगला. शेवटी सुजातानं, ती आजऱ्याला शाळेत असते, रडून भांडून ऑपरेशन करवलं आणि त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. तिथेच पुढे दोन वर्षांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आजऱ्याला गेलो होतो. त्रिशरण झालं, लोक बोलले. सुजाता माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा, शेवटपर्यंत ते तेच काढत होते. त्या बाईंचा हात. पण तुम्ही त्यांना सांभाळून घेतलंत. दुसऱ्या मालकानं पोलिसांत दिलं असतं." तिनं मला नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हा हात.

पण अण्णा म्हटलं की मला दिसतं ते त्याच्या आधीचं, ते कायमचे आजऱ्याला जायला निघाले त्या दिवसाचं. सकाळी अकराच्या सुमाराला ते दुकानात आले. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. तो काढून त्यांनी चौफेर बघितलं.

"दुकान लई मळलंय की रं. इतकं घाण हुतं व्हय पयल्यापासनं?"

मी हसलो. बऱ्याच वर्षांनी त्यांचा तो आवाज ऐकला होता. ते स्टुलावर बसले आणि हात पुढे केला.

"त्यो प्लग दे. आता दिसतंय मला. एकदा बघतो."

प्लग माझ्या कमरेपाशी असलेल्या ड्रॉवरमध्ये होता. माझा तळहात ड्रॉवरवर होता.

"हरवला, अण्णा. आवराआवरीत गेला कुठेतरी."

त्यांचा हात तसाच काही वेळ पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. "जाऊ दे. बघून तरी काय? ठिपका माझाच हुता." आणि उठता उठता, सहज विचारावं तसं, "कोपऱ्यातच हुता न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांच्या भाषेत म्हणालो.

त्यांना काही कळलं होतं का, मला माहीत नाही. कळलं असतं तर बरं, असं मला कधी कधी वाटतं. म्हणजे निदान एक माणूस तरी स्वतःला माफ करून गेला असता. पण त्यांच्या तोंडावर तसं काही नव्हतं. दारात थांबून त्यांनी वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं, सवयीनं. मग पायऱ्या उतरू लागले. ऑपरेशन चांगलं झालं होतं, रस्त्यापलीकडच्या पाट्या त्यांनी येताना वाचल्या होत्या. तरी भिंतीला हात लावून, प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून, खात्री करून, मगच ते खाली उतरत होते. तीनच पायऱ्या आहेत माझ्या दुकानाला. त्यांना फार वेळ लागला.

प्लग अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे. ठिपका बरोबर मध्ये आहे, आंधळ्यालाही बोटानं लागेल असा जाड. तो घेऊन मला शिरोळला चौगुले वहिनींकडे जायचं आहे, आजऱ्याला सुजाताकडे जायचं आहे, आणि दोघींच्या हातात ठेवून सांगायचं आहे की हा ठिपका अण्णांचा नाही, मी लावलेला आहे. एवढं माझं देणं आहे. मी अजून गेलेलो नाही.